घेणाऱ्याचे नाव

आमच्या मंदिराच्या सभामंडपात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळची आरती आटोपली तरी सतरंज्या उचलल्या जात नाहीत. त्यांवरच ज्येष्ठांच्या मंडळाची मासिक सभा भरते. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणी विद्यापीठात अध्यापन केलेले, कोणी शाळामास्तर, तर कोणी जन्मभर संसाराचा गाडा ओढून आता थोडी उसंत मिळालेल्या भगिनी, असा हा पंचवीस-तीस जणांचा मेळावा असतो. मागील महिन्याचा वृत्तांत वाचला जातो, जमाखर्च सांगितला जातो आणि पुढील महिन्याचे काम वाटून दिले जाते.

हे काम फार मोठे आहे असा आमचा दावा नाही. पहिल्या रविवारी जुनी पाठ्यपुस्तके गोळा करून ती पुढच्या इयत्तेतील मुलांच्या हाती द्यावयाची. तिसऱ्या रविवारी दहावीच्या मुलांस गणित व इंग्रजी शिकवावयाचे. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावयाचे, असा क्रम आहे. यांतले शेवटचे काम दिसावयास किरकोळ, पण त्याचे मोल मोठे. आठवीत असताना परीक्षा देऊन मिळणारी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील, वार्षिक साडेतीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी ती आहे, आणि तीत नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मूल हुशार असते, परीक्षेस बसण्याची त्याची तयारीही असते; पण उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघत नाही, किंवा बँकेच्या पुस्तकातील नाव आणि शाळेतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडतो, आणि अर्ज अडतो. जन्मभर कचेरीत कागदच हाताळलेल्या निवृत्त माणसाला हे काम छान साधते. ज्या मुलांस अशी कोणतीही शिष्यवृत्ती लाभत नाही, त्यांच्या शुल्कासाठी मंडळाचा एक लहानसा निधी आहे.

आज आम्ही लिहावयास बसलो आहोत ते या कामाची प्रशस्ती करण्यासाठी नव्हे. या कामात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आणि त्या चुकीतून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. ज्या कुटुंबाचा येथे उल्लेख येतो त्यांची अनुमती आम्ही घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तसे करण्याची आवश्यकता का, हे पुढे वाचकांच्या ध्यानी येईलच.

प्रतिवर्षी आमच्या वार्षिक समारंभात साह्य मिळालेल्या विद्यार्थ्यांस व्यासपीठावर बोलावून, पाहुण्यांच्या हस्ते धनादेश देण्याची प्रथा होती. मुलाचे नाव, इयत्ता, पालकांची परिस्थिती हे सारे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाई, टाळ्या होत, छायाचित्र निघे. शिवाय सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर एक फलक होता. त्यावर देणगीदारांच्या नावांखाली साह्य घेणाऱ्यांचीही नावे वडिलांच्या वा आईच्या नावासह रंगवलेली असत. यात काही गैर आहे असे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते. उलट कारभार कसा उघडा आहे याचा आम्हांस अभिमानच वाटे.

त्या वर्षीच्या समारंभात एका मुलाचे नाव पुकारले गेले आणि कोणी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारले, तरी कोणी उठले नाही. पाहुण्यांच्या हातातले पाकीट तसेच तबकात परत गेले. समारंभ संपल्यावर मंडळींत कुजबुज झाली. आजकालच्या मुलांस घेण्याची लाज नाही, पण आभार मानण्याची मात्र आहे, असे कोणी म्हणाले. ज्याला यावयास सवड नाही त्याला पैशाची गरजही नसेल, असे आणखी कोणी. आम्हीही त्या वेळी मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे.

चार दिवसांनी तो मुलगा संध्याकाळी आपण होऊन आला. मंदिरात गर्दी नव्हती. ओवरीत बसलेल्या आमच्या एका वयोवृद्ध सभासदांजवळ जाऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मी रविवारी आलो नाही, माफ करा. पैसे नकोत असे नाही. पण माझ्या वर्गातली चार मुले समोर बसणार होती." वृद्ध गृहस्थांनी त्याला शेजारी बसविले. जरा वेळाने त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच आमच्या मनात अद्याप सलत आहे. त्याची आई घरून जेवणाचे डबे करून देते. ती नेमाने दर्शनास येणारी. परंतु फलकावर तिचे नाव रंगविले गेल्यापासून ती सभामंडपातून येत नाही. मागच्या, बागेकडील दाराने येते, बाहेरूनच हात जोडते आणि जाते. "डबे घेणाऱ्या बायका इथे येतात ना," एवढेच तो म्हणाला.

वाचकहो, एका घराने देवाच्या दारी येण्याची वाट बदलली, आणि ती कोणा दुष्टाच्या छळाने नव्हे, तर आमच्या सत्कृत्याने बदलली. तेव्हा प्रश्न असा की, मदत करणाऱ्यास मदत घेणाऱ्याकडून काय मागण्याचा अधिकार आहे? त्याने कृतज्ञता दाखवावी, ती चारचौघांत दाखवावी, असा आग्रह धरता येतो काय? आणि धरता येत नसेल, तर कृतज्ञता नावाच्या सद्गुणाचे आपण काय करावयाचे?

पुढील मासिक सभा या एकाच विषयावर दोन तास चालली. तिचा वृत्तांत येथे थोडक्यात देतो, कारण तीत बोलणारे सर्वच प्रामाणिक होते आणि प्रत्येकाच्या बोलण्यात काही तथ्य होते.

पहिली बाजू मांडणारे सभासद म्हणाले की, कृतज्ञता हा संस्कार आहे आणि संस्कार हे शिकवावेच लागतात. मूल जेवून उठताना ताटाला नमस्कार करते तेही कोणीतरी शिकविलेले असते. उद्या या मुलांस वाटले की समाजाकडून मिळते ते आपोआप मिळते, तर ती पुढे कोणास काही देणार नाहीत. आमच्या खजिनदारांचा मुद्दा निराळा होता. पैसा लोकांचा आहे, तेव्हा तो कोणाला गेला हे लोकांस कळले पाहिजे. नावे झाकली की संशयास जागा होते, आणि संशयाने कित्येक सार्वजनिक निधी बुडाले आहेत, असे ते म्हणाले.

यावर एका निवृत्त शिक्षिका असलेल्या भगिनी उठल्या. त्यांचे बोलणे आम्हांस अगदी अनपेक्षित होते. त्या म्हणाल्या, "संस्काराचे आणि हिशेबाचे सोडा. खरे सांगू का? व्यासपीठावर मुले वाकून नमस्कार करतात, तेव्हा मला बरे वाटते. माझी नातवंडे परदेशात आहेत. वर्षातून एकदा का होईना, पण कोणी माझ्या पाया पडते. तो समारंभ मुलांसाठी नाही हो, आपल्यासाठी आहे." सभा काही क्षण स्तब्ध झाली. कोणी हसले नाही, कारण प्रत्येकाला आपापल्या घरातील दुपारची शांतता आठवली असावी.

त्या भगिनींनी जे सांगितले त्यात प्रश्नाचे मूळ आहे. साठी उलटल्यावर माणसाला पैशापेक्षाही एका गोष्टीची चणचण भासू लागते, ती म्हणजे आपली कोणास गरज आहे या जाणिवेची. कचेरीत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नसे, त्याला घरी दूधवाल्याचा हिशेबही कोणी विचारीत नाही. अशा माणसाला सेवेचे काम मिळाले की जीव लागतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सेवेतून मिळणारे समाधान आणि सेवेच्या मोबदल्यात मागितलेला मान या दोन वस्तूंमधली सीमा फार पुसट आहे. आपण ती केव्हा ओलांडली हे कळतही नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने वा फळावर डोळा ठेवून दिलेले दान तेथे राजस ठरविले आहे, आणि सत्कारावाचून, तुच्छतेने दिलेले ते तामस. टाळ्यांची आणि नमस्काराची अपेक्षा ही परतफेडीचीच अपेक्षा होय. फक्त नाणे निराळे. आणि तो सत्कार घेणाऱ्याचा करावयाचा असतो, देणाऱ्याचा नव्हे, हे आम्ही अनेकदा पारायण करूनही ध्यानी घेतले नव्हते.

या चर्चेत ओवरीतील त्या वयोवृद्ध सभासदांनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली. वडील पुण्यास वार लावून जेवून शिकले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे, असा तो क्रम आपल्या जुन्या पिढीला ठाऊक आहे. सात घरांपैकी काही घरे चांगली सधन होती. परंतु म्हातारपणी वडील नाव घेत ते बुधवारच्या घराचे. त्या घरी पक्वान्न कधी नसे. भाकरी आणि आमटी असे. पण तेथली गृहिणी त्यांचे पान आपल्या मुलांच्या पंक्तीत मांडी, आणि मुलांना विचारी तसेच त्यांनाही विचारी, "आज शाळेत काय झालं रे?" शुक्रवारच्या सधन घरी त्यांचे पान ओसरीवर निराळे मांडले जाई. अन्न दोन्हीकडे पोटभर मिळाले. "शुक्रवारचे जेवण वडील विसरले नाहीत, पण कृतज्ञतेने आठवीत ते बुधवारचे," असे सांगून ते खाली बसले.

पान कोठे मांडले, हाच सारा प्रश्न आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा त्यांच्यापुढेही हा प्रश्न होता. त्यांनी सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवले, एका पंक्तीस बसविले, आणि मुलांनी स्वतः श्रम करून आपल्या शिक्षणास हातभार लावावा अशी योजना केली. कमवा आणि शिका हे शब्द महाराष्ट्रात रुजले ते या मार्गाने. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिनेच काय, मंगळसूत्रही दिले. भाऊरावांच्या योजनेत मुलगा कोणाच्या दयेवर जगत नव्हता. त्याच्या श्रमाचा वाटा त्याच्या ताटात होता, म्हणून त्याची मान ताठ राहिली.

याच प्रश्नाचा दुसरा, अधिक कठोर धडा शोधण्यासाठी आम्हां बडोदेकरांस गाव सोडून जाण्याचेही कारण नाही. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात लागू केला. स्वतः कवळाण्यासारख्या खेड्यात बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेला हा मुलगा १८७५ साली गादीवर आला आणि मग शिकला. शिक्षणाचे मोल त्याला उपदेशातून कळले नव्हते. त्यांनीच १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. करारात अट होती की, परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी. अट रास्त होती आणि तरुणाने ती मान्यही केली होती.

पुढे काय झाले ते सर्वविदित आहे, पण आपण ते पुनःपुन्हा आठवावे. १९१७ साली करार पाळण्यासाठी डॉ. आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव तेथे आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या घरातील अडचण सांगितली. मग कमाटीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ज्या बागेत आपण सकाळी फिरावयास जातो, नातवंडांस प्राणिसंग्रहालय दाखवितो, त्याच बागेत हे घडले.

शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाच्या हेतूविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु त्याची उदारता सातासमुद्रापलीकडे पोचली, तरी त्याच्याच राजधानीतील एका खोलीच्या दारापर्यंत पोचू शकली नाही. कारण पैसा राजाने दिला होता आणि जागा द्यावयाची होती ती समाजाने. यावरून आम्ही एवढेच शिकतो की, शुल्काचे पैसे देऊन मदत पुरी होत नाही. ज्या तरुणास आपण शिकविले त्याला आपल्यात बसावयास जागा आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्या काळच्या अस्पृश्यतेच्या क्रौर्याशी आमच्या फलकाची तुलना करणे अप्रस्तुत होईल आणि आम्ही ती करीत नाही. तरीही पैसे एका हाताने देऊन जागा दुसऱ्या हाताने काढून घेणे, हा दोष आमच्याही हातून लहान प्रमाणात घडला, हे नाकारता येत नाही.

आता परतफेडीचा विचार. डॉ. आंबेडकरांनी ती दहा वर्षे बडोद्यात भरली नाहीत. त्यांना भरू दिली गेली नाहीत. मग ते ऋण फिटले नाही काय? त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि १९५० साली मराठवाड्यात औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय निघाले. तेथे शिकलेल्या मुलांची गणती कोणी करावी? घेतले ते बडोद्याच्या तिजोरीतून, फेडले ते मिलिंद आणि सिद्धार्थच्या वर्गांतून. विद्येचे ऋण हे असेच असते. ते मागे फिटत नाही, पुढे फिटते. आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण मानले तेही याच अर्थाने: ज्या ऋषीने ज्ञान दिले त्याला ते परत देता येत नाही, ते अध्ययन-अध्यापनाने पुढील पिढीस द्यावयाचे असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे कृतज्ञतेचा गुंता सुटतो. कृतज्ञता हा सद्गुण आहेच, पण तो घेणाऱ्याच्या अंतःकरणात उगवणारा आहे. देणाऱ्याने तो वसूल करू म्हटले की तो व्याजाचा हप्ता होतो. बियाणे पेरल्यावर रोज माती उकरून मोड आला का हे पाहणारा शेतकरी जसा आपलेच नुकसान करतो, तसे आम्ही करीत होतो. ज्याला बुधवारच्या घरासारखी वागणूक मिळेल त्याला कृतज्ञता शिकवावी लागणार नाही, आणि ज्याला ओसरीवरचे पान मिळेल त्याच्याकडून ती ध्वनिक्षेपकावरून वदवून घेतली तरी ती खरी नसेल.

राहता राहिला खजिनदारांचा मुद्दा, आणि तो टाकाऊ नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब सार्वजनिकच असला पाहिजे. पण हिशेब रकमेचा असतो, गरिबीचा नव्हे. किती विद्यार्थ्यांस, कोणत्या इयत्तेसाठी, किती रुपये दिले, हे प्रत्येक सभासदाने पाहावे. नावांची वही तीन जबाबदार व्यक्तींपाशी असावी आणि हिशेबतपासनिसाने ती दरवर्षी तपासावी. यात संशयास जागा उरत नाही, आणि कोणाच्या आईला मागच्या दाराने यावे लागत नाही. खजिनदारांनी हे मान्य केले, इतकेच नव्हे तर नव्या हिशेबाचा नमुनाही त्यांनीच तयार केला.

त्या सभेत आम्ही काही ठराव केले. भिंतीवरील फलकाचा खालचा अर्धा भाग पुसला जावा. शुल्काची रक्कम परस्पर शिक्षणसंस्थेत भरली जावी. समारंभात धनादेश न देता मुलांची गाणी, निबंध आणि विज्ञानाचे प्रयोग व्हावेत, आणि त्यांत साह्य घेणारी व न घेणारी मुले निरनिराळी ओळखू येऊ नयेत. चौथा ठराव त्या शिक्षिका भगिनींनी मांडला. प्रत्येक ज्येष्ठाने महिन्यातून किमान एक तास एका मुलाबरोबर बसावे, मग ते मूल शुल्काचे साह्य घेणारे असो वा नसो. आणि त्या तासात मुलाने ज्येष्ठाला काहीतरी शिकवावे, असा तो ठराव होता. प्रथम काहींना त्याचे हसू आले. आम्ही काय शिकणार, असे ते म्हणाले.

आता तसे कोणी म्हणत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. २०१४ सालापासून तो अंगठ्याच्या ठशाने संगणकावर देता येऊ लागला, आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही तो देता येतो. मात्र तो धरावा कसा, डोळे केव्हा मिटावे, हे आम्हां म्हाताऱ्यांस उमगत नाही. गेल्या नोव्हेंबरात सभामंडपात मुलांनी एकेका आजोबा-आजींस उजेडाकडे तोंड करून बसविले आणि हे काम पुरे केले. पोलीस असल्याची बतावणी करून घाबरविणारे दूरध्वनी आले तर काय करावे, हेही त्यांनी समजावून सांगितले. आमच्या एका सभासदांचा दाखला निघाला तेव्हा ते मुलाला म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून मी जिवंत आहे हो!" मंडप हसला. त्या हसण्यात कोण देणारा आणि कोण घेणारा, हे कोणास सांगता आले नसते.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. ज्याला कधी काही घ्यावे लागत नाही त्याला देण्याची रीत कळत नाही. घेताना मनास होणारा संकोच ज्याने अनुभवला, तो देताना आपला हात जपून पुढे करतो. उपनिषदातील आचार्य निरोप घेणाऱ्या शिष्यास दानाविषयी सांगताना देणाऱ्याच्याच ठिकाणी विनय आणि लज्जा असावी असे सुचवितात, याचे आम्हांस पूर्वी आश्चर्य वाटे. देणाऱ्याने कशाची लाज धरावी? आता त्याचा थोडासा उलगडा होतो. दुसऱ्याची गरज आपल्या दृष्टीस पडली आहे, ती उघडी पडू नये, अशी ती लाज असावी.

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र समजू नये. आमच्यातील दोघा देणगीदारांस मुलांच्या हाती धनादेश देण्याची प्रथा मोडल्याचे अजूनही वाईट वाटते, आणि त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. काही मुले ठरलेल्या तासाला येत नाहीत. काही ज्येष्ठ तासभर स्वतःच बोलत बसतात. सवयी फलकासारख्या एका दुपारी पुसता येत नाहीत.

तो मुलगा आता तंत्रनिकेतनात शिकत आहे. तो आभार मानावयास आला काय, असे कोणी विचारील. तो आला नाही. तो तिसऱ्या रविवारी गणित शिकवावयास येतो. आणि मागच्या एकादशीस त्याची आई सभामंडपातून आली. हातात डब्यांची पिशवी होती. ती खांबापाशी ठेवून तिने घंटा वाजविली आणि इतरांसारखी रांगेत उभी राहिली. आम्ही समोरच बसलो होतो. तिच्याकडे पाहून हसावे, काही बोलावे, असे मनात आले. मग आम्ही दृष्टी वळविली आणि हातातील जपमाळ पुढे ओढली. तिला ओळखीची वाट मोकळी मिळाली होती. त्या वाटेवर आम्ही पुन्हा उभे राहण्याचे कारण नव्हते.